पॅकहाऊसच्या छतावरचं कूलिंग युनिट: किती टनाचं घ्यायचं?



द्राक्षासाठी नवीन प्रीकूलिंग खोली करायची आणि तिचं बाहेरचं युनिट पॅकहाऊसच्या छतावर बसवायचं, हा विषय येत्या सभेत आहे. कोटेशन तीन आलीत: ४ टन, ६ टन आणि ८ टन. "खोली तेवढीच आहे, मग स्वस्तातलं ४ टनाचं का नको?" असं बऱ्याच सभासदांनी विचारलं. पैसा आपल्या सगळ्यांचा आहे. म्हणून सभेला येण्याआधी हा हिशोब वाचा.

*१) टन म्हणजे मालाचा टन नव्हे*
१ टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता काढायची ताकद म्हणजे १ टन कूलिंग. किलोवॅटमध्ये साधारण ३.५.

*२) खोली नाही, माल मोजा*
आपला माल एका वेळी ५ टन. दुपारी काढलेला घड ३० अंशाला येतो. तो ६ तासांत ४ अंशावर आणायचा, म्हणजे २६ अंश उतरवायचे.
👉 १ किलो द्राक्ष १ अंश थंड करायला सुमारे ३.६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते.
👉 ५००० × ३.६ × २६ = ४,६८,००० किलोज्यूल.
👉 हे ६ तासांत काढायचं तर सुमारे २२ किलोवॅट, म्हणजे सव्वासहा टन.
👉 भिंती, दरवाजाची उघडझाप, पंखे, माणसं, क्रेट यांची उष्णता वेगळी. शिवाय सुरुवातीच्या तासांत माल गरम असल्याने भार जास्त. हे सगळं धरून ८ टन लागतात.

हाच माल २४ तासांत थंड करायचा असेल, तर मालापुरते दीड टन पुरतात. म्हणजे ४ टनाचं युनिट वाईट नाही, ते थंड झालेला माल *साठवायला* चांगलं आहे. गरम माल *लवकर उतरवायला* ते कमी पडतं. आपल्या जुन्या खोलीत हेच झालं. पेट्या रात्रभर ठेवल्या, तरी थप्पीच्या मधल्या पेटीत घड कोमटच. पुढे देठ तपकिरी पडले आणि भाव तुटला.

*३) कोटेशनवर हे लिहून घ्या*
✅ "खोलीत ० अंश आणि बाहेर ४० अंश असताना किती टन?" घरच्या एसीचा टन २७ अंशाच्या खोलीवर मोजलेला असतो. खोली शून्याजवळ गेली आणि बाहेर ऊन वाढलं, की त्याच मशीनची ताकद बरीच घटते.
✅ आतली कॉइल मोठी हवी. लहान कॉइल फार थंड ठेवावी लागते, ती हवेतलं पाणी ओढते आणि देठ सुकतो. खोलीत आर्द्रता ९० ते ९५ टक्के टिकली पाहिजे.
✅ हवा पेट्यांच्या भोकांतून ओढणारे पंखे. नुसती खोली थंड करून पेटीतला घड लवकर थंड होत नाही.
✅ ८ टनाचं एक घेण्याऐवजी ४-४ टनाची दोन युनिटं. भर हंगामात एक बंद पडलं, तरी निम्मं काम चालू राहतं.

*४) छतावर बसवताना*
पत्रा दुपारी तापतो आणि त्याला लागून असलेली हवाही तापते. म्हणून युनिट पत्र्यावर टेकवू नका, लोखंडी स्टँडवर उंच घ्या. वजन छताला पेलतं का, हे इंजिनिअरकडून तपासून घ्या. चारही बाजूंना साधारण मीटरभर जागा सोडा. वरून बंदिस्त शेड नको, गरम हवा तिथेच फिरत राहते. कॉइल धुळीने बुजते, म्हणून हंगामात दर आठवड्याला हलक्या पाण्याने धुवायची. वर जायला पक्की शिडी आणि कठडा हवाच. वीजजोडणी शेतीपंपाच्या फीडरवर चालणार नाही, कारण तिथे थ्री फेज ठरलेले तासच मिळते.

*५) सगळ्यात स्वस्त टन आपल्या हातात आहे*
तोच घड पहाटे काढला आणि २० अंशाला पॅकहाऊसला आला, तर १६ अंशच उतरवायचे. वरच्या सव्वासहा टनाचे पावणेचार होतात. वीज वाचते, माल लवकर निघतो. म्हणून:
🍇 काढणी उजाडताच सुरू करा, ऊन चढायच्या आत संपवा.
🍇 क्रेट झाडाच्या नाहीतर शेडच्या सावलीत ठेवा.
🍇 गाडी भरली की लगेच पाठवा, उन्हात उभी ठेवू नका.

मात्र पहाटेच्या भरवशावर लहान युनिट घेऊ नका. मजूर उशिरा आले, गाडी अडकली, असे दिवस हंगामात येतातच.

सभेला येताना आपल्या बागेचा अंदाजे माल आणि काढणीचे आठवडे लिहून आणा. एका दिवशी जास्तीत जास्त किती माल येणार, यावरच टन ठरणार आहेत. शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी