एकच खाका, अनेक रंग : कॉम्प्युटर खेळातील पात्रांचे रंग बदलण्याची रीत

अँटॉप हिलहून जवळच असलेल्या धारावीत जरीकामाचे अड्डे आहेत. तेथील कारागीर प्रत्येक कापडासाठी नवी नक्षी काढीत बसत नाहीत. एकदा टोचलेला खाका लाल, हिरव्या, काळ्या कापडावर छापला जातो. बदलतो तो कापडाचा व धाग्याचा रंग. कॉम्प्युटरवर खेळ तयार करण्याच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी हीच रीत समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते. दहा पात्रांसाठी दहा वेळा चित्र काढण्यात वेळ आणि मजुरी दोन्ही खर्ची पडतात.

ही युक्ती जुनीच आहे. जपानच्या नामको कंपनीने १९८० साली आणलेल्या 'पॅक-मॅन'मधील चार भुते एकाच आकाराची. लाल, गुलाबी, आकाशी व नारिंगी या रंगांवरूनच ती ओळखू येतात. पॅक-मॅनने मोठी गोळी खाल्ली की ती निळी पडतात आणि आता त्यांना खाता येईल, हे खेळणाऱ्यास न सांगता कळते.

आता प्रत्यक्ष काम. खेळात हलणाऱ्या चित्रास 'स्प्राइट' म्हणतात. नेदरलँड्सच्या मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ साली सुरू केलेल्या 'गेममेकर' या साधनात रंग बदलण्याच्या दोन रीती आहेत.

पहिली 'इमेज ब्लेंड'. पात्राला मार लागताच त्याचे इमेज ब्लेंड लाल करावे, १५ स्टेपचा अलार्म लावावा आणि तो संपताच ब्लेंड पुन्हा पांढरे करावे. पांढरे म्हणजे चित्राचा मूळ रंग. खेळ सेकंदाला ६० स्टेपने चालत असेल तर पात्र पाव सेकंद लाल दिसेल. तेच स्प्राइट वापरणारी बाकीची पात्रे जशीच्या तशी राहतात.

मात्र येथे रंगांचा गुणाकार होतो. पांढऱ्यावर लाल दिल्यास लाल मिळतो, राखाडीवर गडद लाल. पण शुद्ध पिवळ्यावर शुद्ध निळा दिल्यास काळा होतो. शिवाय सदऱ्याबरोबर चेहराही रंगतो. म्हणून कपड्याचा भाग पांढऱ्या-राखाडी छटांत वेगळा काढावा आणि तेवढाच रंगवून शरीरावर चढवावा.

दुसरी रीत रंगपट्टीची. 'शेडर' नावाचा छोटा प्रोग्राम चित्राच्या प्रत्येक ठिपक्याचा जुना रंग पाहून त्या जागी पट्टीतील नवा रंग ठेवतो. यासाठी चित्रात मोजकेच, ठरलेले रंग असावेत व कडा पुसट नसाव्यात. पुसट कडेचे मिश्र रंग पट्टीत सापडत नाहीत आणि जुन्या रंगाची किनार उरते. पात्र काढून होताच शेडर बंद करावा. नाहीतर पुढील चित्रेही बदलतील.

काही लोकांना लाल-हिरव्यातील फरक दिसत नाही. तेव्हा शत्रू-मित्र केवळ रंगाने न दाखवता एखादी खूणही द्यावी.

शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. गेममेकर २०२३ पासून बिगर-व्यावसायिक कामास मोफत आहे. खेळ विकावयाचा असल्यास परवाना घ्यावा. आणि दहा पात्रे एकाच चित्राची असतील, तर ते ग्राहकास आधी सांगावे. एका खाक्याचे दहा खाक्यांइतके बिल लावणारा कारागीर एकदाच कमावतो. पुढचे काम दुसऱ्याकडे जाते.