कोड इथे, माहिती तिथे

सॉफ्टवेअरच्या अंतर्गत डॉक्युमेंटेशनचा विषय निघाला की गाडी ‘लिहायला वेळ कुणाला आहे’ इथेच अडते. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक टीममध्ये लिहिणारे असतात आणि लिहिलेलेही बरेच असते. फक्त ते कामाच्या जागी नसते. कोड गिटच्या रेपोत, डिझाइन कॉन्फ्लुअन्सवर, सर्व्हर उभा करण्याची कृती कुणाच्या तरी वर्ड फाइलमध्ये आणि ‘हे असे का केले’ याचे खरे उत्तर जुन्या ईमेलमध्ये. मीही बराच काळ विकीच्या बाजूचा होतो. आता माझे म्हणणे असे आहे की कोडबद्दलची माहिती त्याच रेपोत साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये असावी, आणि ज्या पुल रिक्वेस्टमध्ये कोड बदलतो त्याच पुल रिक्वेस्टमध्ये तीही बदलावी.

याचे कारण रोजच्या कामाच्या रीतीत आहे. एखाद्या सर्व्हिसचा टाइमआउट तीस सेकंदांवरून दहावर आणला, तर टेस्ट पडू शकते, रिव्ह्यू करणारा हटकू शकतो. विकीचे पान मात्र गप्प बसते. रिव्ह्यूला डिफ दिसतो आणि डिफमध्ये रेपोच्या बाहेरचे काहीच येत नाही. त्यामुळे विकीवरचे पान सुधारणे कुणाच्या तरी आठवणीवर सोपवलेले असते, आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज असताना आठवण हा भरवशाचा आधार नव्हे. दुसरा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. प्रॉडक्शनमध्ये जुनी आवृत्ती चालू असते, मेन ब्रँच दोन पावले पुढे गेलेली असते, आणि विकीला फक्त ‘आज’ माहीत असतो. पानाचा इतिहास विकी ठेवते, पण कोणत्या कोडसाठी पानाचे कोणते रूप खरे होते हे ती सांगत नाही. रेपोत जुनी ब्रँच उघडली की तिच्या काळचे डॉक्युमेंटही तिच्याबरोबर उघडते. विकीला कमी लेखायचे नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी प्रोग्रामरांसाठीच सुरू केली आणि नाव घेतले ते ‘झटपट’ या अर्थाच्या हवाई शब्दावरून. लिहिणे झटपट होते हे खरेच. दुरुस्ती तशी होत नाही.

माहिती रेपोतच ठेवण्याची ही सोय फक्त चार जणांच्या टीमला परवडते असे कुणी म्हणेल, तर लिनक्स कर्नेलकडे बघावे. जगभरचे हजारो लोक त्यावर काम करतात, आणि त्याचे डॉक्युमेंटेशन सोर्सच्याच झाडात ‘डॉक्युमेंटेशन’ नावाच्या डिरेक्टरीत असते. २०१६ मध्ये ४.८ या आवृत्तीपासून ते स्फिंक्स या डॉक्युमेंटेशनच्या साधनावर नेले गेले, तेव्हा साधन बदलले, जागा तीच राहिली. शेजारी ठेवलेली माहिती तपासताही येते. पायथनमध्ये २००१ पासून डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणे चालवून बघणारे डॉकटेस्ट आहे. रस्टमध्ये तर लायब्ररीच्या डॉक कॉमेंटमधली उदाहरणे ‘कार्गो टेस्ट’ स्वतः चालवून बघते. उदाहरण शिळे झाले की टेस्ट पडते. कोडपासून दूर ठेवलेल्या पानाकडून अशी अपेक्षा करता येत नाही.

‘कोडशेजारची कॉमेंटही शिळी होतेच की’ हा आक्षेप खरा आहे. शेजार म्हणजे हमी नव्हे. चूक नजरेस पडण्याची शक्यता तेवढी वाढते. म्हणूनच काय लिहायचे तेही निवडावे लागते. कोड काय करतो हे कोडच सांगतो, त्याची कॉमेंट लिहू नये. का करतो, कोणता पर्याय नाकारला, हे कोडमध्ये कुठेच दिसत नाही. त्यासाठी मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली पद्धत मला सर्वांत कामाची वाटते: प्रत्येक मोठ्या निर्णयाची एक छोटी, क्रमांक घातलेली फाइल रेपोतच ठेवायची, तिच्यात परिस्थिती, निर्णय आणि परिणाम लिहायचे, आणि निर्णय फिरला तर जुनी फाइल न पुसता ‘रद्द’ अशी नोंद करून नवी लिहायची. छोट्या निर्णयांना कमिट मेसेज पुरतो, पण त्यात नुसता तिकिटाचा नंबर टाकून मोकळे होऊ नये. तिकिटांची सिस्टिम बदलली की तो नंबर अनाथ होतो.

टेस्टर, सपोर्ट आणि क्लायंटकडची माणसे गिट वापरत नाहीत, मग त्यांनी काय करायचे? त्यांना वाचायचे असते, आणि त्याच फाइलींमधून स्फिंक्स किंवा एमकेडॉक्स ब्राउझरमध्ये वाचता येणारी साइट तयार करून देते. बैठकांचे वृत्त, सुट्ट्यांचे नियम, अजून न ठरलेल्या मागण्या यांचा कोडच्या आवृत्तीशी संबंध नाही. ते खुशाल विकीवर राहू द्या. एकच माहिती पाच-सहा रेपोंना लागत असेल, तर तिच्यासाठी वेगळा रेपो करून प्रत्येक रीडमीत त्याची लिंक द्यावी. पासवर्ड मात्र कुठल्याच रेपोत नको, कारण पुढच्या कमिटमध्ये पुसला तरी तो इतिहासात राहतोच.

सिस्टिम बंद पडल्यावर काय करायचे याच्या सूचनांचा विचार वेगळा करावा लागतो. एप्रिल २०२२ मध्ये कॉन्फ्लुअन्स ही विकी बनवणाऱ्या अटलासियनच्या एका स्क्रिप्टने चुकून ग्राहकांच्या साइटच पुसल्या. ७७५ ग्राहकांना त्याचा फटका बसला आणि काहींची सेवा परत यायला १४ दिवसांपर्यंत लागले. ज्यांच्या सूचना तिथल्या विकीवर होत्या, त्यांना त्या ऐन वेळी मिळण्यासारख्या नव्हत्या. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक बंद पडले, तेव्हा दुरुस्तीला लागणारी त्यांची अंतर्गत साधनेही बंद होती. गिटमध्ये पूर्ण क्लोन केलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर सगळा इतिहास असतो, हा इथे मोठाच आधार. तरीही या सूचनांची एक प्रत छापून ठेवावी. हसण्यासारखे वाटेल, पण कागदाला लॉगिन लागत नाही.

पुण्या-मुंबईच्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये या पद्धतीची कसोटी नोटीस पीरियडमध्ये लागते. प्रोजेक्ट संपला की क्लायंटच्या विकीचा ॲक्सेस जातो, आणि माणूस निघाला की शेवटच्या पंधरवड्यात घाईघाईने केटीचे, म्हणजे नॉलेज ट्रान्सफरचे, डॉक्युमेंट बनते, जे पुढे कुणी उघडत नाही. त्याऐवजी नव्या माणसाला फक्त रेपो द्यावा आणि रीडमी वाचून सिस्टिम उभी करायला सांगावी. जिथे तो अडेल तिथली दुरुस्ती त्यानेच पुल रिक्वेस्ट म्हणून पाठवावी, आणि तिचा रिव्ह्यू जाणाऱ्या माणसाने जाण्याआधी करावा.