प्यायच्या बोअरचे पाणी तपासा

किनवट तालुक्यात काही गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जादा आहे. ते डोळ्याला दिसत नाही, चवीलाही कळत नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम ठीक. दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे वर्षानुवर्षे पोटात गेले की पोरांचे दात डागाळतात, पुढे सांधे आखडतात. वाकलेली पाठ मग सरळ होत नाही. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटते तसे वाढते. ब्लिचिंगने जंतू मरतात, एवढेच. बोअर खोल तेवढे पाणी चांगले, हा समज आम्हाला शिवारात सारखा भेटतो. पण खडकात जास्त काळ राहिलेल्या पाण्यात फ्लोराईड जास्त उतरते. लागणीआधी माती तपासता ना? तसाच पाण्याचा नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत भरून ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत पाठवा. जादा निघाले तर ते पाणी धुण्याभांड्याला ठेवा. प्यायला, स्वयंपाकाला तपासलेल्या विहिरीचेच आणा.