उर्दू स्क्रीनवर उलटलेला डोस

जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये बसून मी मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन बनवते. मध्यंतरी एका दवाखान्याच्या अ‍ॅपचं उर्दू रूप तपासायला आलं. वरवर सगळं चोख होतं. मेनू उजवीकडे, मागे जायचा बाण फिरवलेला, मजकूर उजव्या कडेला. मग औषधांचं पान उघडलं. डॉक्टरांनी दिलेलं ‘1-0-0’, म्हणजे फक्त सकाळी एक गोळी, तिथे ‘0-0-1’ दिसत होतं.

डेटाबेसमध्ये आकडे बरोबरच होते. घोळ दिशेचा. उर्दू शब्दानंतर असे आकडे आले की युनिकोडच्या नियमाप्रमाणे मधल्या रेघा उर्दूच्या दिशेने जातात आणि आकडे उजवीकडून मांडले जातात. ‘0761-’ने सुरू होणारा आमच्या गावचा लँडलाइन नंबरही असाच फिरतो, कोड मागे जातो. ओळीत उर्दू अक्षर नसेल तर मात्र काही बिघडत नाही, म्हणून चाचणीत हे निसटतं. शेजारच्या उर्दू वाचणाऱ्या आजींना तो डोस दाखवला. त्या म्हणाल्या, “अंक तो बाएँ से ही पढ़ेंगे, बेटा. रात की गोली है.”

तेव्हा असं काम हाती घेणाऱ्यांनी आकडे आधी पाहावेत. 2013 साली युनिकोड 6.3मध्ये आलेली ‘आयसोलेट’ चिन्हं आकड्यांच्या दोन्ही बाजूंना घातली की क्रम शाबूत राहतो. डोससाठी तर मी तेवढ्यावरही थांबणार नाही. सकाळ, दुपार, रात्र असे शब्द लिहून वेगळे कप्पेच करा.

मांडणीत ‘लेफ्ट-राइट’ऐवजी ‘स्टार्ट-एंड’ वापरा, अँड्रॉइडवर 4.2पासून ती सोय आहे. मागे जायचा बाण फिरवा. घड्याळ आणि प्लेचं बटण फिरवू नका. नस्तालीक, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या वळणाची, अक्षरं तिरपी उतरत खाली येतात, त्यामुळे देवनागरीच्या मापाच्या बटणात त्यांचे पाय कापले जातात. ओळीला उंची द्या, आणि अक्षरांत अंतर मुळीच वाढवू नका, जोड तुटतात.

फोनच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये मांडणी उलटी करून पाहणं पुरेसं नाही. तिथे मजकूर उर्दू होत नाही, डोसचा घोळ दिसणारच नाही. चाचणीसाठी औषधांची खरी चिठ्ठी उर्दूत टाका आणि रोज उर्दू वाचणाऱ्या माणसाकडून ती मोठ्याने वाचून घ्या.