न्हाणीघरातील थंड पाणी का थांबते?

तोटी फिरविली की पाणी यावे, ही अपेक्षा नगरवासीयांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तोटीमागे केवढी यंत्रणा राबत असते याचा विचार पाणी थांबल्यावरच मनात येतो. त्यातही गरम पाण्याची तोटी वाहत आहे आणि थंड पाण्याची मात्र कोरडी आहे, असे घडले म्हणजे गृहस्थ बुचकळ्यात पडतो. अशा वेळी भिंत फोडण्याची घाई होते. वस्तुतः थोडा विचार केल्यास दोष कोठे आहे हे बहुधा जागच्या जागी ठरविता येते. बंगळूर शहरातील घराचे उदाहरण घेऊन ही विचारपद्धती आपण समजून घेऊ.

पाण्याचा प्रवास

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे आणि त्याच्या अंगणातून मोठी नदी वाहत नाही. प्रारंभी हेसरघट्ट व १९३३ पासून तिप्पगोंडनहळ्ळी येथील जलाशयांनी या शहराची तहान भागविली. १९६४ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले व १९७४ मध्ये कावेरीचे पाणी शहरात पोहोचले. हे पाणी सुमारे १०० किलोमीटर दूर असलेल्या तोरेकाडनहळ्ळीहून तीन टप्प्यांत पंपांनी वर चढविले जाते. ही चढण जवळजवळ ५०० मीटरांची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. त्याची क्षमता दररोज ७७.५ कोटी लिटर आहे.

नळाचे पाणी सर्व वेळ येत नसल्याने बहुतेक घरे ते प्रथम जमिनीखालील टाकीत साठवितात. या टाकीला तेथे ‘सम्प’ म्हणतात. तेथून विजेचा पंप पाणी गच्चीवरील टाकीत चढवितो. पुढचे काम गुरुत्वाकर्षणाचे. टाकीतील पाण्याची पातळी तोटीपेक्षा जितकी उंच, तितका तोटीपाशी दाब अधिक. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम दाब देतो. वरच्या मजल्यावरील तोटी टाकीच्या पातळीखाली ३ मीटरच असेल, तर हा दाब केवळ ०.३ किलोग्रॅम भरतो. म्हणून लहानसा अडथळाही वरच्या मजल्यावर आधी जाणवतो.

गरम पाण्याची साक्ष

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. विजेच्या गीझरमध्ये थंड पाणी तळाशी शिरते आणि गरम पाणी वरच्या भागातून बाहेर पडते. थंड पाणी आत ढकलले गेले तरच गरम पाणी बाहेर येते. थंड पाणी तुटले, तर गीझर भरलेला असूनही गरम तोटी वाहत नाही. यावरून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. न्हाणीघरातील गीझरचे गरम पाणी नेहमीच्या जोराने येत असेल, तर टाकीत पाणी आहे आणि गीझरपर्यंतची थंड पाण्याची वाटही मोकळी आहे. मग दोष गीझरकडे जाणारी शाखा जेथे फुटते तेथपासून थंड तोटीपर्यंतच्या भागातच असला पाहिजे.

बंगळूरमध्ये अनेक गच्च्यांवर सूर्याच्या उष्णतेने पाणी तापविणारी यंत्रे दिसतात. तेथे गरम पाणी गच्चीवरून निराळ्या नळीने खाली येते. अशा घरात त्याची साक्ष मर्यादित आहे: यंत्राला पाणी पुरविणारी टाकी रिकामी नाही, एवढेच तीवरून कळते. म्हणून थंड पाण्याची संपूर्ण नळी गच्चीपासून तपासावी लागते.

यानंतर शेजारच्या तोट्या उघडून पाहाव्यात. घरातील सर्व तोट्या कोरड्या असतील, तर टाकी, पंप किंवा शहराचा पुरवठा तपासावा. एकाच न्हाणीघरातील सर्व थंड तोट्या कोरड्या असतील, तर त्या खोलीची झडप पाहावी. एकच तोटी कोरडी असेल, तर दोष त्या तोटीत किंवा तिच्या लगतच्या झडपेत शोधावा.

अडथळ्याच्या जागा

तोटीच्या मुखाशी बारीक जाळी असते. तिच्यामुळे पाण्यात हवा मिसळते व पाणी कमी लागते. मार्च २०२४ मधील टंचाईत बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने व्यापारी इमारती, उपाहारगृहे, निवासी संकुले अशा ठिकाणी या जाळ्या सक्तीच्या केल्या. कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार या जाळीवर साचतात. गंजाचे कण आणि वाळूही तेथेच अडकते. जाळी काढून काही वेळ व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून ठेवावी व जुन्या ब्रशाने घासावी. जाळी काढल्यावर पाणी नीट आले, तर दोष तिथेच होता हे सिद्ध झाले.

दुसरी जागा म्हणजे भिंतीलगतचा अँगल कॉक. तो कोणी बंद केला असेल किंवा त्यात क्षार साचले असतील. तिसरी जागा नळीवरील गेट व्हॉल्व्ह. त्यातील पडदा झिजून दांड्यापासून सुटला, तर चाक फिरते पण पडदा खालीच राहतो. बाहेरून झडप उघडी दिसते. प्रत्यक्षात ती बंद असते. जुन्या लोखंडी नळ्यांत आतून गंजाचे थर वाढून वाट अरुंद होते. मात्र ही क्रिया सावकाश होते. पाणी एकाएकी थांबले असेल, तर या कारणाचा विचार शेवटी करावा.

हवेची अडवणूक

टाकी एकदा पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली, तरी कधी कधी तोटी कोरडीच राहते. गच्चीवरची नळी कठड्यावरून चढून पुन्हा उतरत असेल, तर त्या उंचवट्यात हवा कोंडते. हवेला वजन जवळजवळ नाही. त्यामुळे उतरत्या भागात हवेचा जितका उंच स्तंभ अडकतो, तितकी पाण्याची दाब देणारी उंची वाया जाते. वरच्या मजल्यावर ही उंची मुळातच थोडी असते. म्हणून प्रवाह थांबतो. अशा वेळी सर्वांत खालची थंड तोटी पूर्ण उघडून हवा निघू द्यावी. टाकीच्या निर्गम नळीवर, टाकीच्या कमाल पातळीहून उंच अशी उघड्या तोंडाची उभी नळी बसविली म्हणजे हवेला कायमची वाट मिळते.

दक्षता

या दोषाकडे दुर्लक्ष करू नये. गरम व थंड पाणी एकत्र घेऊन स्नान चालू असता थंड पाणी तुटले, तर अंगावर केवळ गरम पाणी पडते. ६० अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ५ सेकंदांत त्वचा गंभीर भाजू शकते. बालके व वृद्ध यांना त्याहूनही कमी वेळ पुरतो. म्हणून थंड पाणी प्रथम सोडावे, मग गरम. बंद करताना गरम आधी. तपासणीपूर्वी गीझरची वीज बंद करावी आणि त्यातील पाणी निवू द्यावे. तीव्र आम्ल नळीत ओतू नये. कोणताही भाग सोडविण्यापूर्वी टाकीची मुख्य झडप बंद करावी.

शंभर किलोमीटरांची वाट चालून आलेले पाणी पुष्कळदा शेवटच्या वीतभर अंतरात अडते. ती वीत कोणती हे आधी विचाराने ठरवावे. हातोडा त्यानंतर उचलावा. बहुधा तो उचलावाच लागत नाही.