मानेच्या हक्काची उशी

झोप ही अल्लाहच्या मोठ्या देणग्यांपैकी एक आहे. दिव्य कुरआनच्या सूरह अन्-नबामध्ये तिचा उल्लेख विश्रांतीचे साधन म्हणून आला आहे. परंतु आपल्यापैकी कित्येकांचा अनुभव याच्या उलट असतो. रात्री अंथरुणावर पाठ टेकताना मान ठीक असते आणि फज्रसाठी उठावे तर ती अवघडलेली असते. रुकूत ती ताणली जाते आणि सलाम फेरताना एका बाजूला वळणारी मान दुसऱ्या बाजूला वळत नाही. मग आपण मलम चोळतो, वेदनाशामक गोळी घेतो आणि रात्री पुन्हा त्याच उशीवर डोके ठेवतो.

सतत रोजे ठेवणाऱ्या आणि रात्रभर इबादत करणाऱ्या ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शरीराच्या हक्काची जाणीव करून दिली होती, हे आपणांस ठाऊक आहेच. शरीर ही अमानत आहे आणि मान हा त्या अमानतीचा नाजूक भाग आहे. तिचा रात्रीचा हक्क पुष्कळदा एका साध्या वस्तूवर अवलंबून असतो. ती वस्तू म्हणजे उशी.

उशीचे खरे काम

उशी म्हणजे डोक्याखाली घेण्याची मऊ वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. म्हणूनच दुकानात आपण ती दाबून पाहतो आणि जी अधिक मऊ ती अधिक चांगली, असे ठरवतो. वास्तविक उशीचे काम निराळे आहे.

मानेत सात मणके असतात. ते सरळ रेषेत नसून त्यांना पुढच्या बाजूस किंचित बाक असतो. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारणपणे साडेचार ते पाच किलो असते. दिवसभर हे वजन मानेचे स्नायू तोलून धरतात. आपण आडवे झालो की मान आणि गादी यांच्यामध्ये पोकळी राहते. ती नेमकी भरून काढणे आणि डोके व मान पाठीच्या कण्याच्या ओळीत ठेवणे, हे उशीचे खरे काम होय.

उशी गरजेपेक्षा उंच असेल तर उताणे झोपल्यावर हनुवटी छातीकडे दाबली जाते आणि कुशीवर झोपल्यावर डोके वरच्या खांद्याकडे कलते. उशी फार सपाट असेल तर डोके गादीकडे झुकते. दोन्ही स्थितींत एका बाजूचे स्नायू आणि सांधे ताणलेले राहतात. एस.टी.च्या प्रवासात बसल्या जागी अर्धा तास डुलकी लागली तरी मान दुखू लागते. मग सहा-सात तास वाकड्या राहिलेल्या मानेने सकाळी तक्रार केली, तर त्यात नवल ते काय?

आपण झोपता कसे?

उशीची योग्य उंची सर्वांसाठी एक नसते. ती मुख्यतः झोपण्याच्या पद्धतीवर ठरते.

उजव्या कुशीवर झोपणे ही सुन्नत आहे. तिचे पालन आपण सुन्नत म्हणून करतो. त्यासाठी वैद्यकशास्त्राच्या दाखल्याची गरज नाही. मात्र कुशीवर झोपणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की या स्थितीत मान आणि गादी यांमधील अंतर खांद्याच्या रुंदीएवढे असते. म्हणून अशा व्यक्तीला तुलनेने उंच आणि भरीव उशी लागते. डोक्याच्या भाराने दबल्यानंतर तिची उंची साधारण 10 ते 15 सेंटिमीटर राहावी. रुंद खांद्यांच्या माणसाला अधिक, लहान चणीच्या व्यक्तीला कमी. खांदा मात्र उशीवर चढवू नये. तो गादीवरच असावा आणि उशीची कड मानेच्या खोबणीत बसावी.

प्रेषित (स.) झोपताना उजवा हात गालाखाली ठेवत असत, असे हदीसमध्ये आले आहे. परंतु आपण झोपेत संपूर्ण दंड डोक्याखाली घेत असाल आणि हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल, तर त्याचा अर्थ बहुधा उशी कमी पडते असा असतो. उशीची उणीव हात भरून काढत असतो.

उताणे झोपणाऱ्याला कमी उंची पुरते. दबल्यानंतर 7 ते 10 सेंटिमीटर ही बहुतेकांसाठी योग्य उंची ठरते. चेहरा छताकडे असावा. हनुवटी छातीकडे झुकलेली किंवा वर उचललेली नसावी. मानेखाली पोकळी जाणवत असेल, तर एका लहान टॉवेलची गुंडाळी करून ती अभ्र्यात, उशीच्या खालच्या कडेला सरकवावी.

पालथे झोपणे हदीसमध्ये नापसंत केले गेले आहे. मानेच्या दृष्टीनेही ही स्थिती सर्वांत कष्टाची आहे, कारण श्वास घेण्यासाठी मान तासन्‌तास एका बाजूला वळवून ठेवावी लागते. कोणतीही उशी हा दोष दूर करू शकत नाही. येथे सवयच बदलावी लागते. कुशीवर वळून पोटाशी एक जास्तीची उशी धरली, तर पालथे होण्याची सवय हळूहळू सुटते.

गादी पाहून उशी

आपल्याकडे कोणी जमिनीवर सतरंजी अंथरतो, कोणी कापसाच्या गादीवर झोपतो, तर कोणी फोमच्या जाड गादीवर. कठीण अंथरुणात खांदा रुतत नाही, म्हणून कुशीवर झोपणाऱ्यास उंच उशी लागते. मऊ गादीत खांदा खाली जातो आणि तीच उशी जास्त होते. नवी गादी आणल्यावर मान दुखू लागली, तर गादीला दोष देण्यापूर्वी उशीची उंची पुन्हा तपासावी.

उशी कशाची असावी?

प्रेषित (स.) यांच्या डोक्याखाली खजुराच्या झाडाच्या तंतूंनी भरलेली चामड्याची उशी असे. ह. उमर (रजि.) यांनी ती पाहिली होती, तेव्हा चटईचे वळ प्रेषितांच्या अंगावर उमटले होते. तेव्हा उत्तम उशी म्हणजे महागडी उशी, असे समजण्याचे कारण नाही.

कापसाची उशी स्वस्त आणि हवेशीर असते. पण वापराने कापूस दबतो, त्याच्या गाठी होतात आणि मध्ये खळगा पडतो. ही उशी टाकून देण्याची गरज नसते. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला की ती पुन्हा उभी राहते. शिवाय भरताना हवी तेवढी उंची सांगता येते. तयार उशीत ही सोय नाही. महाराष्ट्रातील पिंजारी, नदाफ, मन्सूरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला हा व्यवसाय आज मागे पडत चालला आहे. सावरीचा कापूस अधिक मऊ असतो, पण तो डोक्याखाली लवकर बसतो.

पॉलिस्टर तंतूंची उशी हलकी आणि धुण्यास सोपी असते. ती मधोमध दुमडून सोडावी. पुन्हा उलगडली नाही तर तिचे आयुष्य संपले, असे समजावे. लॅटेक्सची उशी आकार टिकवून ठेवते. कुशीवर झोपणाऱ्यांविषयी 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात लॅटेक्सच्या उशा मानेसाठी सरस आणि पिसांच्या उशा सर्वांत कमी प्रतीच्या ठरल्या होत्या. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होऊन मानेचा आकार घेतो, परंतु तो उष्णता धरून ठेवतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे ध्यानात घ्यावे.

खरेदीपूर्वी एक प्रयोग

एक जाड चादर घडी करून उशीएवढी सपाट करावी. आपल्या नेहमीच्या स्थितीत, नेहमीच्याच अंथरुणावर त्यावर डोके ठेवावे. कुशीवर असाल तर नाक छातीच्या मध्यरेषेशी ओळीत येईपर्यंत एकेक घडी वाढवावी किंवा कमी करावी. हे स्वतःला दिसत नाही, म्हणून घरातील कोणाला तरी पाहण्यास सांगावे. दोन-तीन रात्री याच घडीवर झोपून पाहावे. सकाळी मान मोकळी वाटली, तर त्या घडीची उंची मोजून घ्यावी आणि मगच दुकानात किंवा पिंजाऱ्याकडे जावे.

घरातील प्रत्येकाची उशी

आपल्या घरांत उशा जोडीने येतात आणि सर्वांसाठी एकाच मापाच्या असतात. चांगल्या उशा पाहुण्यांसाठी कपाटात राहतात. पाहुण्याला उशी देणे हा आदरातिथ्याचा भाग आहे आणि दिलेली उशी नाकारू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. परंतु त्याच घरात अम्मी किंवा दादीच्या वाट्याला वर्षानुवर्षे चपटी, गाठी झालेली उशी येते आणि त्या कधी तक्रार करीत नाहीत. वयोमानाने ज्यांच्या पाठीला बाक आला आहे, त्यांना उताणे झोपताना तरुणांपेक्षा उंच आधार लागतो. त्यांना पातळ उशी दिल्यास डोके मागे लोंबते.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी आहे. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी देण्याची प्रथा आहे. परंतु वर्षाच्या आतील बाळाच्या अंथरुणात कोणतीही उशी ठेवू नये, कारण श्वास कोंडण्याचा धोका असतो.

जे उशीने बरे होत नाही

दिवसभर मान खाली घालून मोबाईल पाहणाऱ्याला उशी फारसे वाचवू शकत नाही. योग्य उशीनंतरही दोन-तीन आठवड्यांत आराम न पडल्यास, दुखणे हातात उतरत असल्यास, हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवत असल्यास डॉक्टरांना दाखवावे. तापासोबत मान ताठरली, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखू लागली, अथवा छातीत दडपण येऊन वेदना मान, जबडा किंवा हाताकडे जाऊ लागली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

आजारी माणसाला बसून किंवा इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत दीनने दिली आहे. ती अल्लाहची कृपा आहे. परंतु चादरीच्या दोन घड्यांनी टळू शकणारे दुखणे अंगावर वागवीत राहणे शहाणपणाचे नाही.

म्हणून आज रात्री घरातील उशा एकदा हातात घेऊन पाहाव्यात. सुरुवात आपल्या उशीपासून न करता अम्मी-अब्बांच्या उशीपासून करावी.