कळवळा आणि कणखर हात

(अभ्यासपाठ : लूक १०:३०–३५, योहान ११:३३–३९, मार्क ६:३०–३२)

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५० हून अधिक माणसे दगावली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान कित्येक दिवस पावसाचिखलात मृतदेह काढीत होते. अशांचे डोळे कोरडे पाहून त्यांस पाषाणहृदयी ठरविण्याची घाई आपण करू नये, असे आम्हांस वाटते.

१. शोमरोन्याला कळवळा आला, तरी तो रडत बसला नाही. त्याने जखमा बांधिल्या. कामाच्या वेळी भावना आवरणे हे निर्दयपण नव्हे. याजक व लेवी हेही अविचल राहिले, परंतु ते बाजूने निघून गेले. भेद येथेच आहे.

२. मात्र आवरलेले दुःख नाहीसे होत नाही. ते झोप उडविते, कोणास चिडखोर तर कोणास घरच्यांशीही अबोल करिते. कोणी मद्याकडे वळतो. लाजाराच्या कबरेकडे जाताना प्रभू रडला, आणि मग त्याने धोंड काढावयास सांगितले. अश्रू व सेवा यांचे वैर नाही.

३. शोमरोन्याने पुढील शुश्रूषा उतारशाळेच्या रक्षकाकडे सोपविली. सर्व भार एकट्याने वाहिला नाही. श्रमलेल्या शिष्यांसही प्रभूने एकांती विसाव्यास नेले.

तर मंडळीने काय करावे? रुग्णवाहिकेवर वा अग्निशामक दलात काम करणाऱ्या बंधूला खोदून विचारू नये. तो बोलू लागल्यास शांतपणे ऐकावे. आठवडेच्या आठवडे झोप बिघडल्यास त्याला डॉक्टरांकडे न्यावे; तो विश्वासाचा उणेपणा नव्हे.

प्रश्न : आपल्या मंडळीत असा भार वाहणारा कोण आहे? त्याची उतारशाळा कोण होईल?